रणांगणावरचा चांगला शोमरोनी : डॉ. दोमिनिक लारे



संत लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस वाटेवर पडलेला असतो. याजक आणि लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जातात. परका शोमरोनी मात्र थांबतो. तो जखमी माणसाच्या जवळ जातो, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, त्याची सेवा करतो आणि पुढच्या खर्चाची सोय लावूनच आपल्या वाटेला लागतो.

दयेचा धडा म्हणून या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु जखमी माणसाचा जीव वाचवायची एक संपूर्ण रीतही त्यात आहे, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. आधी जखमीजवळ जायचे, मग जागच्या जागी उपचार करायचे, वाहनातून हलवायचे, सुरक्षित ठिकाणी ठेवायचे आणि तो बरा होईपर्यंत पाहायचे. आज जगातील सर्व सैन्यांचे वैद्यकीय दल याच क्रमाने काम करते. ही रीत मोठ्या सैन्यात रुजवण्यासाठी ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, त्या फ्रान्सच्या शस्त्रवैद्याची, डॉ. दोमिनिक झाँ लारे यांची ही जीवनकथा आहे.

लारे यांच्या आधी कोणीच रणांगणावर सेवा केली नव्हती, असे नाही. रुग्णांचे आश्रयदाते संत कमिलस यांच्या संघातील धर्मबंधू सोळाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करायला गेले होते. त्यांच्या झग्यावर लाल क्रूस असे. पण राजेमहाराजांच्या सैन्यांनी ती सेवा आपल्या व्यवस्थेचा कायमचा भाग केली नाही. तोफा, दारूगोळा आणि घोडे यांचा हिशोब काटेकोर ठेवला जाई. जखमी शिपाई त्या हिशोबात नसे.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

दोमिनिक लारे याचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बोदेआँ नावाच्या लहानशा गावात झाला. वडील जोडे शिवण्याचे काम करीत. त्यांचे छत्र दोमिनिक लहान असतानाच हरपले. घरची परिस्थिती बेताची होती. गावच्या धर्मगुरूंनी या हुशार मुलाकडे लक्ष दिले आणि त्याला लिहायला-वाचायला शिकवले. एका खेडेगावातील धर्मगुरूंनी एका पोरक्या मुलाला शिकवण्यात घालवलेल्या वेळाचे पुढे केवढे फळ आले, हे आपण पाहणारच आहोत.

वयाच्या १३ व्या वर्षी दोमिनिक तुलूझ शहरात आपल्या काकाकडे गेला. काका तेथील इस्पितळात मुख्य शस्त्रवैद्य होते. त्यांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केल्यावर तो पॅरिसला आला. १७८७ साली नौदलात शस्त्रवैद्य म्हणून त्याला नेमणूक मिळाली आणि एका युद्धनौकेबरोबर तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटापर्यंत जाऊन आला. समुद्र त्याला मानवला नाही. परत येऊन त्याने पॅरिसच्या ओतेल द्यू या जुन्या इस्पितळात देसो या नामांकित शस्त्रवैद्यांच्या हाताखाली पुढचे शिक्षण घेतले. ओतेल द्यू म्हणजे देवाचे घर. ख्रिस्तसभेने गोरगरिबांसाठी मध्ययुगात उभारलेल्या इस्पितळांपैकी ते एक होते.

इतक्यात १७८९ ची राज्यक्रांती झाली. १७९२ साली फ्रान्स शेजारच्या राजांशी युद्धात उतरला आणि २६ वर्षांचे डॉ. लारे ऱ्हाइन नदीवरील सैन्यात दाखल झाले.

चार किलोमीटरचे अंतर

त्या काळी फ्रेंच सैन्याचा एक नियम होता. वैद्य, औषधे आणि जखमींना नेण्याच्या गाड्या लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे सुमारे चार किलोमीटर मागे ठेवायच्या. लढाई संपली की मगच जखमींना गोळा करायचे. गाड्या जड, रस्ते चिखलाचे आणि वाटेत सैन्याची गर्दी. त्यामुळे वैद्य जखमीपर्यंत पोहोचायला २४ तास, कधी ३६ तास उलटून जात. सैन्याला माघार घ्यावी लागली, तर जखमी शत्रूच्या हाती किंवा कावळ्या-गिधाडांच्या स्वाधीन होत.

चालू शकणारे कसेबसे लंगडत मागे येत. पैसेवाल्या अधिकाऱ्याला त्याचे शिपाई उचलून आणत. गरीब शिपाई पडल्या जागी रक्त वाहून मरे. गोळी लागल्यामुळे जितके मरत, त्याहून कितीतरी अधिक कोणी वेळेवर पोहोचले नाही म्हणून मरत. हे लारे यांनी पहिल्याच मोहिमेत डोळ्यांनी पाहिले.

त्याच सैन्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. फ्रेंचांच्या हलक्या तोफा घोड्यांच्या बळावर क्षणात इकडून तिकडे धावत. त्यांना 'उडता तोफखाना' म्हणत. लारे यांच्या मनात विचार आला, माणसे मारायचे साधन जर इतक्या वेगाने धावू शकते, तर माणसे वाचवायचे साधन का धावू नये? त्यांनी आपली योजना सेनापती क्युस्तीन यांच्यापुढे मांडली आणि त्यांनी ती मान्य केली. अशी 'उडती रुग्णगाडी' जन्माला आली.

उडती रुग्णगाडी

ही गाडी लारे यांनी मोठ्या विचाराने बनवून घेतली होती. सपाट मुलखासाठी दोन चाकांची हलकी गाडी. तिला दोन घोडे आणि आत दोन जखमींना आडवे झोपवण्याची सोय. डोंगराळ, खडबडीत भागासाठी चार चाकांची मोठी गाडी. तिला चार घोडे. गचके बसू नयेत म्हणून खाली स्प्रिंगा, आत गादी, हवेसाठी बाजूला झरोके. आतला पाट लाकडी रुळांवर सरकत असे. त्यामुळे जखमीला न हिंदकळता बाहेर काढता येई.

पण नुसत्या गाडीने काम भागत नाही, हे लारे जाणून होते. १७९७ साली इटलीत त्यांनी ३४० माणसांचे पूर्ण दल उभे केले. त्याचे तीन भाग होते. प्रत्येक भागात शस्त्रवैद्य, त्यांचे मदतनीस, औषधे सांभाळणारे, पट्ट्या वाहणारे, गाडीवान, नालबंद आणि जीन दुरुस्त करणारेसुद्धा होते. वैद्य घोड्यावर बसून गाडीच्या पुढे जात. त्यांच्या खोगिराच्या पिशव्यांत पट्ट्या आणि हत्यारे तयार असत. लढाई चालू असतानाच ते गोळागोळीत शिरत, रक्त थांबवत, पट्टी बांधत आणि मग जखमीला मागच्या तंबूत पाठवत.

१७९८ साली नेपोलियनबरोबर ते इजिप्तला गेले. वाळवंटात चाके चालेनात. तेव्हा त्यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंना पेट्या लटकवून त्यांत जखमींना झोपवण्याची युक्ती काढली. साधन बदलले तरी तत्त्व तेच राहिले: जखमीने वैद्याकडे यायचे नाही, वैद्याने जखमीकडे जायचे.

वेळेचे मोल

त्या काळी आणखी एका प्रश्नावर वैद्यांत मोठा वाद होता. तोफेच्या गोळ्याने हात किंवा पाय चिरडला, तर तो लगेच कापावा की काही दिवस थांबून? थोर म्हणून मान्य असलेले वैद्य थांबायला सांगत. रोगी सावरल्याशिवाय त्याला हात लावू नये, असा त्यांचा सल्ला होता.

लारे यांनी रणांगणावर पाहिले ते नेमके उलटे होते. पहिल्या काही तासांत शरीर बधिर असते आणि जखम अजून सडलेली नसते. त्या वेळी केलेली शस्त्रक्रिया रोगी सोसू शकतो. दोन दिवस थांबले की ताप चढतो, जखम चिघळते, आणि मग सुरीने मरण लांबत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करायची तर पहिल्या २४ तासांतच करावी, असा नियम त्यांनी घालून दिला. अशा वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी चारांतील तिघांहून अधिक बचावले, अशी नोंद त्यांनी आपल्या आठवणींत केली आहे.

त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. ते १८४६ साली, लारे यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, वापरात आले. जंतूंमुळे जखम सडते, हेही कोणाला ठाऊक नव्हते. रोग्याच्या वेदना कमी करण्याचा एकच उपाय वैद्याच्या हाती होता: हात झरझर चालवणे. लारे अवघ्या एक-दोन मिनिटांत पाय कापून वेगळा करीत. १८१२ साली रशियातील बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी २४ तासांत सुमारे २०० अवयव कापले. हे वाचताना अंगावर शहारे येतात. पण त्या २०० जणांना तसेच सोडले असते, तर त्यांतील बहुतेकांची माती तिथेच झाली असती.

हुद्दा नव्हे, जखम

डॉ. लारे यांचा सर्वांत मोठा नियम गाडीचा नव्हता, सुरीचाही नव्हता. कोणाला आधी हात लावायचा, याचा तो नियम होता. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याच्यावर सर्वांत आधी उपचार. तो सरदार आहे की साधा शिपाई, आपला आहे की शत्रूचा, हे विचारायचे नाही. किरकोळ जखम झालेल्या सेनाधिकाऱ्याने आपल्या पाळीची वाट पाहायची.

आज कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात हाच नियम चालतो आणि आपण तो गृहीत धरतो. पण सरदारासाठी वेगळा तंबू आणि शिपायासाठी उघडे माळरान, असा तो काळ होता. त्या काळात हा नियम म्हणजे मोठे धाडस होते. डोळ्यांपुढची दोन शरीरे देवाच्या दृष्टीने सारख्याच मोलाची आहेत, हे मानल्याशिवाय असा नियम करता येत नाही.

फेब्रुवारी १८०७ मध्ये पूर्व प्रशियातील आयलाऊ गावाजवळ बर्फात लढाई झाली. थंडी इतकी की मदतनिसांच्या बोटांतून हत्यारे गळून पडत. लारे आणि त्यांचे सहकारी उघड्या कोठारांत रात्रंदिवस शस्त्रक्रिया करीत होते. मध्येच रशियन फौज जवळ येऊन भिडली. जखमींमध्ये घबराट पसरली आणि जे उठू शकत होते ते पळू लागले. लारे जागचे हलले नाहीत. हातातली शस्त्रक्रिया पुरी करीत त्यांनी सर्वांना धीर दिला की, काहीही झाले तरी आपण त्यांना सोडून जाणार नाही. वैद्य पळत नाही हे पाहून जखमीही शांत झाले.

१८०९ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीतील लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकून पडले. पूल वाहून गेला होता आणि खायला काहीच उरले नव्हते. लारे यांनी घोडे मारून त्यांच्या मांसाचा रस्सा करायला सांगितला. त्यांत अधिकाऱ्यांचेही घोडे होते. भांडी नव्हती, म्हणून घोडेस्वारांची पोलादी चिलखते उलटी करून चुलीवर ठेवली. मीठ नव्हते, म्हणून बंदुकीची दारू टाकली. जखमीला शस्त्रक्रियेइतकीच पोटात ऊब जाण्याचीही गरज असते, हे ते ओळखून होते.

त्याच वर्षी नेपोलियनने त्यांना बॅरन ही पदवी दिली.

निरपराध मुलांचा कैवारी

शत्रूपेक्षा स्वकीयांपुढे उभे राहणे कधी कधी अधिक कठीण असते. डॉ. लारे यांच्या आयुष्यात तोही प्रसंग आला.

रशियाच्या मोहिमेत नेपोलियनचे बहुतेक सैन्य नष्ट झाले. त्या माघारीत बेरेझिना नदीवर पुलासाठी जीवघेणी रेटारेटी झाली. लारे एकदा पलीकडे पोहोचलेही होते. पण शस्त्रक्रियेची हत्यारे अलीकडे राहिली होती, म्हणून ते परत आले आणि गर्दीत चिरडू लागले. शिपायांनी त्यांना ओळखले. त्यांचे नाव तोंडोतोंडी झाले आणि ज्या शिपायांना स्वतःच्या जिवाची शाश्वती नव्हती, त्यांनी लारे यांना डोक्यावरून हातोहात पुढे सरकवत पुलापार केले. आपल्यासाठी थांबलेल्या माणसाला त्यांनी मागे राहू दिले नाही.

पुढच्या वर्षी, १८१३ साली, नेपोलियनने कोवळ्या पोरांची नवी भरती केली. त्यांना बंदूक धरायचीही धड सवय नव्हती. बाउत्सेनच्या लढाईनंतर असे दिसले की, दोन हजारांहून अधिक पोरांच्या हाताला किंवा बोटांना जखमा आहेत. लढाई टाळण्यासाठी त्यांनी मुद्दाम स्वतःला जखमी केले, असा सेनाधिकाऱ्यांचा आरोप होता. अशा गुन्ह्याला शिक्षा एकच होती, बंदुकीच्या गोळीने मरण. नेपोलियनचा राग अनावर झाला होता. हाताची जखम पाहून ती स्वतः केलेली आहे की नाही, हे सांगण्याचे काम लारे यांच्याकडे आले.

राजाला हवे ते उत्तर देणे सोपे होते. लारे यांनी तसे केले नाही. इतर शस्त्रवैद्यांना घेऊन त्यांनी एकेका मुलाची जखम स्वतः तपासली आणि निकाल दिला की एकही मुलगा दोषी नाही. नवशिकी पोरे रांगेत मागे-पुढे उभी राहून गोळ्या झाडत होती. मागच्या रांगेच्या बंदुकांनी पुढच्यांचे हात फुटले होते. हा अहवाल घेऊन ते नेपोलियनकडे गेले. आपल्यावर बादशहाची मर्जी राहील की जाईल, याची त्यांनी पर्वा केली नाही. नेपोलियन आधी संतापला, पण नंतर त्याला सत्य पटले. त्याने लारे यांना हिरेजडित चित्र, रोख रक्कम आणि कायमचे निवृत्तिवेतन बक्षीस पाठवले. त्या दिवशी लारे यांनी सुरी हातात न धरता दोन हजार जीव वाचवले.

शत्रूने ओळखले

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली. असे सांगतात की, इंग्रज सेनापती वेलिंग्टन यांना दुर्बिणीतून तोफांच्या माऱ्यात जखमींजवळ फिरणारा एक माणूस दिसला. तो लारे आहे हे कळल्यावर त्यांनी त्या बाजूचा मारा वळवायला सांगितला.

त्याच रात्री लारे प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालण्याचा हुकूम सुटला. इतक्यात एका प्रशियन शस्त्रवैद्याने त्यांना ओळखले. त्याने पूर्वी बर्लिनमध्ये लारे यांची व्याख्याने ऐकली होती. लारे यांना सेनापती ब्लूखर यांच्यापुढे नेण्यात आले. पूर्वीच्या एका मोहिमेत ब्लूखर यांचा जखमी मुलगा फ्रेंचांच्या हाती सापडला होता आणि लारे यांनीच त्याचा जीव वाचवला होता. ब्लूखर यांनी त्यांना सन्मानाने सोडून दिले. शत्रूच्या मुलावर केलेली दया त्यांना अशी परत मिळाली.

दिवा मालवला

नेपोलियनच्या पाडावानंतर लारे यांचे मानमरातब कमी झाले, काही पदेही गेली. पण ते शिकवत राहिले, लिहीत राहिले, रुग्ण पाहत राहिले. १८२१ साली सेंट हेलेना बेटावर नेपोलियन मरण पावला. मृत्युपत्रात त्याने लारे यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले होते आणि आपण पाहिलेल्या माणसांत सर्वांत सदाचारी माणूस, अशी त्यांची नोंद केली होती.

१८४२ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, अल्जीरियातील लष्करी इस्पितळे तपासण्यासाठी ते मुलगा इपोलीत याच्यासह गेले. परतताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि २५ जुलै १८४२ रोजी लियाँ शहरात त्यांनी देह ठेवला. काही दिवस आधीच त्यांची पत्नी शार्लोट निवर्तली होती. मोहिमांमुळे दोघांच्या वाट्याला आयुष्यभर विरह आला. घर सांभाळले ते तिनेच. मुलगाही पुढे नामवंत लष्करी शस्त्रवैद्य झाला. १९९२ साली लारे यांचे अवशेष पॅरिसच्या अँव्हालीद या वास्तूत हलवण्यात आले. जायबंदी सैनिकांच्या आश्रयासाठी बांधलेली ती वास्तू आहे.

ते संत नव्हते. त्यांनी ज्या बादशहाची सेवा केली, त्याने १८०९ साली पोप पायस सातवे यांना कैद केले होते आणि त्याच्या महत्त्वाकांक्षेपायी लाखो माणसे मेली. लारे यांच्या काही समजुतीही चुकीच्या होत्या. हिमदंश झालेल्या अवयवावर बर्फ चोळावा, असे ते सांगत. त्याने इजा वाढते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. वैद्य बरे करतो आणि राजा पुन्हा लढायला पाठवतो, हा पेचही त्यांना सुटला नाही. रणांगणावरील वैद्यकामुळे युद्ध पुण्याचे होत नाही. पण वाटेवर पडलेल्या माणसाला, तू या वाटेने का आलास, असे शोमरोनीने विचारले नव्हते. लारे यांनीही तसे कधी विचारले नाही.

दोनशे वर्षांनंतर

लारे यांनी रुजवलेल्या बीजाचा पुढे वृक्ष झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ पासून डॉ. लेटरमन यांनी रुग्णगाड्यांची शिस्तबद्ध व्यवस्था बसवली. सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींचे हाल पाहिलेल्या आंरी द्युनाँ यांच्या प्रयत्नांतून रेडक्रॉस उभी राहिली. १८६४ च्या जिनिव्हा करारान्वये जखमी शिपाई कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यावर उपचार झालेच पाहिजेत आणि रुग्णगाडीवर हल्ला करायचा नाही, असे राष्ट्रांनी लेखी मान्य केले. लारे यांचा नियम आता कायदा झाला.

पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्यांपैकी सुरुवातीला बहुतेक दगावत. जागच्या जागी टॉमस स्प्लिंट बांधूनच त्यांना हलवायचे, असे ठरल्यावर हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. दुसऱ्या महायुद्धात रक्त आणि पेनिसिलीन आले. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) हेलिकॉप्टर ही खरोखरची उडती रुग्णगाडी झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे ३० टक्के मरण पावले. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. २००९ साली अमेरिकेने अफगाणिस्तानात असा दंडक घातला की, गंभीर जखमीला ६० मिनिटांच्या आत शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचवलेच पाहिजे. याउलट २०२२ मध्ये सुरू झालेल्या युक्रेनच्या युद्धात ड्रोनच्या भीतीने जखमींना हलवायला अनेक तास, कधी दिवसही लागले. तेव्हा हातपाय आणि जीव दोन्ही गमावण्याची पाळी पुन्हा आली. साधने बदलतात, पण वेळेचे मोल बदलत नाही.

या साऱ्या अनुभवातून एक गोष्ट पुढे आली. हात किंवा पायातून भळाभळा रक्त वाहत असेल, तर माणूस काही मिनिटांतच जाऊ शकतो. तेवढ्या वेळात कोणताही डॉक्टर पोहोचत नाही. म्हणून आज अनेक सैन्यांत सैनिकाजवळ रक्त थांबवायची आवळपट्टी असते आणि ती बांधायला त्याला शिकवलेले असते. जीव वाचवणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो. तो शेजारी उभा असलेला माणूस असतो.

आपल्या वाटेवर

देवाच्या कृपेने आपल्या दारात युद्ध नाही. पण महामार्ग आहेत आणि तेथे रोज माणसे पडतात. भोवती गर्दी जमते, मोबाईल निघतात, पण हात पुढे येत नाहीत. पोलीस त्रास देतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, अशी भीती अनेकांना वाटते.

बंधुभगिनींनो, ही भीती आता सोडायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम १३४अ अन्वये त्यांना कायद्याचे बळ दिले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. अशा माणसाला या कायद्याने कोणते नाव दिले आहे, ठाऊक आहे? 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी! प्रभू येशूच्या दाखल्यातले पात्र आज आपल्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवाही सुरू आहे. लारे यांना जे दल शून्यातून उभे करावे लागले, ते आपल्याला एका फोनवर मिळते.

मग आपण काय करायचे? १०८ ला फोन करायचा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, रुमाल, काही नसेल तर हाताचा पंजा जखमेवर घट्ट दाबून धरायचा आणि मदत येईपर्यंत सोडायचा नाही. मानेला किंवा पाठीला मार लागला असेल, तर उगाच ओढाताण करायची नाही. प्रथमोपचाराचे शिक्षण एक-दोन दिवसांत घेता येते. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक वाडीत निदान दोन-तीन तरुण-तरुणींनी ते घेतले, तर कोणाच्या तरी घरचा दिवा विझायचा वाचेल.

एक लीग मागे उभे राहून लढाई संपण्याची वाट पाहायची, हा जुना नियम होता. लारे यांनी तो मोडला. दुसऱ्या बाजूने निघून जायचे, ही त्याहून जुनी सवय आहे. ती मोडायला प्रभूने आपल्याला शिकवले आहे.

प्रार्थना करू या : हे दयाळू परमेश्वरा, जगात जिथे जिथे युद्ध चालू आहे, तिथे तुझी शांती दे. जखमींना धीर दे, त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि सैनिकांना बळ दे. आमच्या वाटेवर जो कोणी पडलेला असेल, त्याच्या जवळ जाण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.